तीन बाटल्या, एक डबा आणि कोल्हापूरची काकवी: जिंजरब्रेडसाठी मोलॅसिस निवडताना

बॉस्टनच्या परिसरात नोव्हेंबर उजाडला की किराणा दुकानांमधील बेकिंगच्या सामानाची रांग गच्च भरून जाते. मैदा, ब्राउन शुगर, सुंठ, दालचिनी आणि लवंगेची पूड यांच्या शेजारी, बहुधा मेपल सिरपच्या खालच्या फळीवर, मोलॅसिसच्या काळ्याभोर बाटल्या मांडलेल्या असतात. नाव एकच असले तरी प्रकार किमान तीन असतात. ब्रेर रॅबिटच्या बाटल्यांवर 'माइल्ड', 'फुल फ्लेवर' आणि 'ब्लॅकस्ट्रॅप' असे लिहिलेले आढळते, तर ग्रँडमाज् या नावाच्या बाटल्यांवर 'ओरिजिनल' आणि 'रोबस्ट' असे शब्द असतात. यांपैकी कोणती बाटली कशासाठी घ्यायची, हे मात्र त्यांच्यावर क्वचितच स्पष्ट सांगितलेले असते, आणि बहुतेक पाककृतींमध्येही नुसते 'एक कप मोलॅसिस' एवढेच छापलेले असते.

या अपुऱ्या माहितीचा फटका मला पहिल्याच वर्षी बसला. कार्यालयातील डिसेंबरच्या स्नेहभोजनासाठी जिंजरब्रेड, म्हणजे सुंठ आणि मोलॅसिस घातलेला केक, करून न्यायचे ठरवले होते, आणि प्रकृतीला चांगले म्हणून कोणीतरी सुचवलेली ब्लॅकस्ट्रॅपची बाटली मी विश्वासाने उचलली. केक दिसायला देखणा झाला, वासही छान सुटला. परंतु पहिल्याच घासाला जिभेवर कडूपणा उतरला आणि त्यामागून मिठासारखा खारटपणा आला. संध्याकाळी डबा जवळजवळ जसाच्या तसा घरी परत आणताना मला फार वाईट वाटले. पुढे कळले की पाककृती बरोबर होती, मापे बरोबर होती, ओव्हनही नीट तापलेला होता. चुकली होती ती फक्त बाटलीची निवड. त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला, आणि गेल्या हिवाळ्यात चार रविवारी एकाच पाककृतीने, फक्त गोड द्रव्य बदलून, चार केक भाजून पाहिले. पुढील अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे.

मोलॅसिस म्हणजे काय, हे उसाच्या मुलखातून आलेल्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. उसाचा रस स्वच्छ करून आटवला, त्यात साखरेचे दाणे धरले आणि सेंट्रिफ्यूगल यंत्रात फिरवून दाणे वेगळे केले की मागे जो दाट, काळपट पाक उरतो, ते मोलॅसिस. आपल्याकडील साखर कारखान्यांत त्यालाच मळी म्हणतात. हा उरलेला पाक पुन्हा आटवून त्यातून आणखी साखर काढता येते आणि त्यानंतर तिसऱ्यांदाही काढता येते. ढोबळमानाने पहिल्या उकळीनंतरचे ते माइल्ड, दुसऱ्या उकळीनंतरचे फुल फ्लेवर आणि तिसऱ्या उकळीनंतरचे ब्लॅकस्ट्रॅप. म्हणजे बाटलीवर कोणतेही आकर्षक विशेषण छापलेले असो, आपण खरोखर निवडत असतो ती एकच गोष्ट: उसाच्या रसातून किती वेळा साखर काढून घेतली गेली आहे. जसजशी साखर निघून जाते तसतसे क्षार आणि कडवट द्रव्ये उरलेल्या पाकात एकवटत जातात, आणि रंग, दाटपणा व उग्रपणा वाढत जातो. हे एकदा लक्षात आले की बाटली निवडताना गोंधळ उडत नाही.

बाटली पारदर्शक असेल तर ती दुकानातल्या दिव्याकडे धरून किंचित तिरकी करावी. माइल्ड मोलॅसिस काचेवरून ओघळताना त्याच्या पातळ थरातून तांबूस, जवळजवळ चहाच्या अर्कासारखा रंग दिसतो. फुल फ्लेवरच्या कडेला गडद तपकिरी झाक असते. ब्लॅकस्ट्रॅपमधून मात्र उजेड आरपार येत नाही, आणि ते काचेला धरून इतके सावकाश उतरते की बाटली सरळ केल्यावरही बराच वेळ आतली बाजू काळीच राहते. घरी आणल्यावर पाव चमचा नुसता जिभेवर ठेवून पाहावा. जे नुसते खाववत नाही, ते कपभर घालून केलेला केकही खाववणार नाही, एवढी साधी ही कसोटी आहे. बाटलीवर 'अनसल्फर्ड' हा शब्द आहे की नाही, हेही पाहावे. कोवळ्या उसाच्या रसावर गंधकाच्या वायूची प्रक्रिया करून बनवलेल्या मोलॅसिसला एक रासायनिक चव राहते आणि ती भाजल्यानंतरही जात नाही. सुदैवाने अमेरिकेतील दुकानांत आता बहुतेक बाटल्या अनसल्फर्डच असतात.

माझी पाककृती न्यू इंग्लंडमध्ये घरोघरी चालते त्या साध्या जिंजरब्रेडची आहे: ३०० ग्रॅम मैदा, १ कप म्हणजे ३४० ग्रॅम मोलॅसिस, १०० ग्रॅम साखर, ११३ ग्रॅम लोणी, १ अंडे, दीड लहान चमचा खायचा सोडा, २ लहान चमचे सुंठ, १ लहान चमचा दालचिनी, पाव लहान चमचा लवंग आणि १ कप गरम पाणी. हे मिश्रण ९ इंची चौकोनी भांड्यात १७५ अंश सेल्सिअसला साधारण पाऊण तास भाजले जाते. दुकानातील १२ औंसांच्या बाटलीत दीड कप मोलॅसिस येते, त्यामुळे एका बाटलीत एक केक होऊन थोडे उरते. मोलॅसिस कपाने मोजायचे असेल तर कपाला आतून तेलाचे बोट फिरवावे, म्हणजे ते सगळेच्या सगळे निसटून येते. परंतु वजन करूनच घ्यावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण कपाला चिकटून राहिलेल्या दोन चमच्यांनीही केकच्या ओलाव्यात फरक पडतो.

माइल्डचा केक फिकट तपकिरी, हलका आणि मऊ झाला. त्यात सुंठ आणि दालचिनी पुढे येतात आणि मोलॅसिस मागे राहून मधासारखा सौम्य गोडवा देते. ज्या घरात लहान मुले आहेत, किंवा पाहुणे हा पदार्थ प्रथमच खाणार आहेत, तेथे ही बाटली घ्यावी. नरम बिस्किटे, पॅनकेकवर ओतायचा पाक आणि घरच्या पावाला रंग येण्यासाठी घालायचा एखादा चमचा, यांसाठीही तीच योग्य.

जिंजरब्रेड म्हणून मला सर्वांत समाधान मिळाले ते फुल फ्लेवरच्या केकने. त्याचा रंग मुरलेल्या सागवानासारखा झाला आणि चवीला थोडी जळक्या साखरेची, थोडी कॉफीची कडवट किनार आली. त्या किनारीमुळेच सुंठेचा तिखटपणा नुसता झोंबत न राहता गोडव्यात सामावून गेला. हा केक भाजला त्या दिवशी ठीक लागला, पण झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी कापला तेव्हा तो खरा खुलला होता. त्यामागे कारण आहे. मोलॅसिसमध्ये साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते, आणि या शर्करा ओलावा धरून ठेवतात. म्हणूनच मोलॅसिसचे केक चार-पाच दिवस कोरडे पडत नाहीत. याच शर्करांमुळे वरची बाजू लवकर करपते, तेव्हा ज्या केकमध्ये साखरेऐवजी मोलॅसिस घालायचे असेल त्यासाठी ओव्हन १० ते १५ अंशांनी कमी ठेवावा. डिसेंबरसाठी एकच बाटली घ्यायची असेल तर ती फुल फ्लेवरची घ्यावी, असे मी कोणालाही निःशंकपणे सांगेन.

ब्लॅकस्ट्रॅपचा केक या वेळी जाणीवपूर्वक पुन्हा केला, निराळ्या बाटलीतले घेऊन, आणि निष्कर्ष तोच निघाला: दाट, कोरडा, कडू. हा बाटलीचा दोष म्हणता येणार नाही. ज्या पाकातून तीनदा साखर निघून गेली आहे त्याच्याकडून साखरेचे काम होण्याची अपेक्षाच चुकीची आहे. मात्र एकूण मोलॅसिसच्या चौथा हिस्सा ब्लॅकस्ट्रॅप आणि बाकीचे माइल्ड असे मिश्रण केले, तर फुल फ्लेवरच्या पुष्कळ जवळ जाता येते. राय आणि मक्याच्या पिठाच्या, वाफेवर शिजवलेल्या बॉस्टन ब्राउन ब्रेडमध्ये, किंवा तासन्‌तास मंद आचेवर शिजणाऱ्या घेवड्याच्या बेक्ड बीन्समध्ये, चमचा-दोन चमचे ब्लॅकस्ट्रॅप शोभून दिसते. पोषणाच्या नावाखाली ते कपाने केकमध्ये घालू नये.

मागील खेपेस गावी गेले होते तेव्हा या बाटल्या सोबत नेल्या होत्या. करवीर तालुक्यात माझ्या मामांचे गुऱ्हाळ होते, आणि उसाच्या रसाच्या बाबतीत मी त्यांच्या जिभेवर जितका विश्वास ठेवते तितका कोणाच्याही ठेवत नाही. मामांनी तिन्ही बाटल्यांतून थेंब थेंब तळहातावर घेऊन चाखले. माइल्डवर त्यांनी नुसती मान हलवली. ब्लॅकस्ट्रॅप तोंडात घेतल्यावर थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ह्यातला गोडवा कुणीतरी आधीच काढून घेतलाय बघ." कारखान्याची प्रक्रिया मी त्यांना सांगितलेली नव्हती.

आता काकवीविषयी. आपल्याकडील अनेकजण 'मोलॅसिस म्हणजे आपली काकवीच' असे सांगतात, आणि मीही अनेक वर्षे तसेच समजत होते. हे बरोबर नाही. काकवी हे उरलेले द्रव्य नव्हे. तिच्यातून साखर काढून घेतलेलीच नसते. गुऱ्हाळात चुना आणि रानभेंडीचा चिकट रस घालून उसाचा रस स्वच्छ करतात, वर येणारा मळकट फेस काढून टाकतात, चिपाडाच्या जाळावर काहिलीत तो आटवत नेतात, आणि पाक साधारण १०५-१०६ अंशांना आला असताना, म्हणजे गूळ होण्याच्या बरेच आधी, जो उतरवून घेतात ती काकवी. तोच पाक आणखी आटवून ११८ अंशांच्या आसपास नेला की वाफ्यात, म्हणजे थंड करण्याच्या उथळ हौदात, ओतून त्याचा गूळ धरतो. मोलॅसिसच्या पायऱ्यांमध्ये बसवायचेच झाले तर काकवी माइल्डच्याही एक पायरी वर, शून्य उकळीच्या जागी बसेल. तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियानाचे केन सिरप आणि कॅनडात 'फॅन्सी' म्हणून विकले जाणारे मोलॅसिस. तेही साखर न काढता थेट रस आटवूनच करतात. अमेरिकेत सॉर्घम मोलॅसिस म्हणून जे मिळते ते तर उसाचेही नसते. ते गोड ज्वारीच्या ताटांच्या रसाचे असते. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही 'मधुरा' या गोड ज्वारीवर आणि तिच्या सिरपवर काम केलेले आहे, याचा मला अभिमान वाटतो.

चौथ्या रविवारी आईने पाठवलेल्या काकवीचा केक केला. मूळ प्रमाण जसेच्या तसे ठेवून आधी एक लहान घाणा करून पाहिला, तेव्हा तो फार गोड झाला आणि त्याला साबणासारखी एक चव आली. तिचे कारण सोड्यात होते. मोलॅसिस आम्लधर्मी असते. सोडा त्याच्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि केक फुगतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर कोमट मोलॅसिसमध्ये सोडा घालून ढवळावे: काळा पाक फसफसत दुप्पट होतो आणि पाहता पाहता त्याचा रंग दुधाळ कॉफीसारखा उजळतो. माझ्या काकवीत घातलेला सोडा जेमतेम कडेकडेने फेसाळला. चुन्याने स्वच्छ केलेल्या रसात आम्लता थोडी कमी राहत असावी असा माझा तर्क आहे; काही असो, तो शिल्लक राहिलेला सोडाच जिभेला जाणवत होता. दुसऱ्या वेळी सोडा दीड चमच्यावरून एक चमच्यावर आणला, पाण्यातील पाव कप कमी करून तेवढे आंबट ताक घातले, आणि १०० ग्रॅम साखर पूर्णपणे वगळली. हा केक उत्तम झाला. त्याला जिंजरब्रेडचा काळसर भारदस्तपणा नव्हता, पण गुळाचा खमंग वास होता, आणि सुंठ व गूळ यांची जोडी आपल्या जिभेला किती ओळखीची आहे हे सांगायला नकोच. घरातील ज्येष्ठ मंडळींनी चारही केकमधून हाच पुन्हा मागून घेतला.

काकवी विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ती फार पिवळी, स्वच्छ सोनेरी दिसत असेल तर मी घेत नाही, कारण गुळाला रंग उजळ यावा म्हणून हायड्रॉस हे रसायन वापरण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आहे; प्रामाणिक काकवी तांबूस-तपकिरी असते. दुसरे, बाटली हलवून तळाशी साखरेचे खडे बसले आहेत का, आणि वर बुडबुडे धरले आहेत का, ते पाहावे. खडे बसलेली काकवी गरम पाण्यात बाटली ठेवून पूर्ववत करता येते, पण बुडबुडे धरलेली काकवी आंबायला लागलेली असते. घरपोच मागवलेली अशी एक बाटली मला उघडताच फेकून द्यावी लागली होती. २०१४ मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. तसेच नाव काकवीलाही, स्वतंत्रपणे, मिळावे असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात राहून जिंजरब्रेड करणाऱ्यांपुढे वेगळी अडचण असते. ऑनलाइन मोलॅसिस म्हणून जी बाटली समोर येते ती अनेकदा ब्लॅकस्ट्रॅपची, औषधी गुणांची जाहिरात करणारी आणि महाग असते. तिच्यावर सगळा केक करण्यापेक्षा तीन भाग काकवी आणि एक भाग ब्लॅकस्ट्रॅप असे मिश्रण करावे. हा प्रयोग मी पुण्यात बहिणीच्या ओव्हनमध्ये करून पाहिला आहे आणि त्या केकमध्ये व फुल फ्लेवरच्या केकमध्ये मला स्वतःला फार थोडा फरक जाणवला. सोडा अशा वेळी सव्वा लहान चमचा पुरतो. कारखान्याची मळी ओळखीने मिळत असली तरी ती स्वयंपाकात कधीही वापरू नये. आपल्या बहुतेक कारखान्यांत रस गंधकाच्या वायूने स्वच्छ करतात, आणि ती मळी मद्यार्क, इथेनॉल व पशुखाद्य यांसाठी असते. खाण्याच्या पदार्थाची स्वच्छता तिच्या साठवणुकीत पाळलेली नसते. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये १५ जानेवारी १९१९ रोजी सुमारे २३ लाख गॅलन मोलॅसिसची टाकी फुटून २१ माणसे मृत्युमुखी पडली, ते मोलॅसिसही स्वयंपाकघरासाठी नव्हते, औद्योगिक अल्कोहोलसाठी होते. त्या जागी आता एक लहानशी पाटी आहे, आणि तिच्यासमोर उभे राहिले की मला आपल्या कारखान्यांच्या आवारातील मळीच्या टाक्या आठवतात.

इंग्लंडमधील पाककृती वापरणाऱ्यांसाठी लाइल्स कंपनीच्या ब्लॅक ट्रीकलचा, म्हणजे मोलॅसिससारख्याच काळ्या पाकाचा, लाल डबा हा चांगला पर्याय आहे. फुल फ्लेवर मोलॅसिसच्या जागी तो त्याच मापाने चालतो. कडवटपणा किंचित अधिक, गोडवाही पुरेसा. यॉर्कशरमध्ये ५ नोव्हेंबरच्या शेकोट्यांच्या रात्री खातात तो ओटच्या पिठाचा पार्किन नावाचा केक ब्लॅक ट्रीकलनेच करावा, आणि तो करून दोन-चार दिवस डब्यात मुरू द्यावा. एका नावाने मात्र फसू नये: 'ट्रीकल टार्ट' या पदार्थात काळे ट्रीकल नसून त्याच कंपनीचे, हिरव्या डब्यातले, गोल्डन सिरप असते.

ब्राउन शुगर संपली असेल तर वेगळी विकत आणण्याचीही गरज नाही. २०० ग्रॅम पांढऱ्या साखरेत १ मोठा चमचा मोलॅसिस काट्याने कालवले की फिकट ब्राउन शुगर होते, आणि २ चमचे घातले की गडद.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. थंड, कोरड्या कपाटात ती वर्षभर चांगली राहते. दर वेळी वापरल्यानंतर बाटलीचे तोंड गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून मगच झाकण लावावे, नाहीतर वाळलेल्या पाकाने झाकण असे धरून बसते की पुढच्या वेळी ते पक्कडीनेच काढावे लागते. आणि जानेवारीच्या थंडीत पाक बाटलीतून उतरेनासा झाला, तर मोजण्याआधी बाटली दहा मिनिटे कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करून ठेवावी.